पाचवं पान

४ फेब्रुवारी

भाऊजी,

आईंच्या पत्रात घडी करून घातलेली तुमची चिठ्ठी मिळाली. पण पुढच्या वेळी ती माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. आईंना पत्र वाचून दाखवताना ती नेमकी त्यांच्या पायाशी पडली आणि "धाकट्याचं तुझ्याशी वेगळं काय बोलणं असतं गं?" अशी चौकशी संध्याकाळपर्यंत पुरली. फोनचं तर बोलायलाच नको. स्पीकर लावून त्या सबंध घराला ऐकवतात आणि मग तासभर रडतात. त्यापेक्षा पत्रच बरं.

तुमचा प्रश्न वाचून मला आधी हसूच आलं. तुम्ही दहाबारा शिकलेली माणसं दोन महिने भांडताय की यंत्रावरचा नवा अर्ज मोकळा ठेवायचा, म्हणजे माणसाने हवं ते पान हव्या त्या क्रमाने भरावं, की पायरीपायरीने न्यायचा, म्हणजे एक पान पुरं झाल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही. अहो, मला आधीच विचारायचं ना! मी नागरी कचेरीच्या खिडकी क्रमांक तीनवर सोळा वर्षं बसतेय. तुम्ही बनवता ती पानं शेवटी माझ्याच डोक्यावर येऊन आदळतात.

आमच्याकडे एक शिंपी येतात. आत्ताच्या मोकळ्या अर्जात ते आधी शेवटचं पान उघडतात, कारण सहीची जागा तिथे आहे. सही केली की काम झालं, अशी त्यांची समजूत. मधली पानं कोरी. अर्ज परत. पुन्हा आले, तर पहिलं पान दोनदा भरलेलं. चौथ्या खेपेला काचेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, एवढंच सांगा, सुरुवात कुठून करू?" मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

तेव्हा माझं मत लिहून घ्या. मोकळीक वगैरे तुमच्यासारख्यांना. आमच्या लोकांना हात धरून न्या. मागेपुढे पळू देऊ नका, काही कोरं सोडू देऊ नका.

खारू अभ्यासात बुडालीय, पोर मान वर करत नाही. पुढच्या महिन्यात ह्यांना जाऊन चार वर्षं होतील. चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून गेलेला माणूस. पोलिसांकडून नवीन काही नाही. तुम्हाला काही कळलं का, असं मी दर पत्रात विचारते, तसं आताही विचारते.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या शिंप्यांनी लढाई जिंकली. परवाच्या बैठकीत मी तुमचं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं, अर्थात नाव न सांगता. साहेब म्हणाले, "ह्या बाईंना नोकरीवर घ्या." पायरीपायरीचा अर्ज ठरला.

एकटी आमच्या दुसऱ्या टेबलावरची आखणीकार शेवटपर्यंत अडून बसली होती. ती म्हणते, माणसांचं आयुष्य काही पानांच्या क्रमाने चालत नाही, कुठेतरी अडलेल्याला ते सोडून पुढे जाता आलं पाहिजे. मी म्हटलं, मग तो पुढेच जात राहील आणि अडलेलं कधी भरणारच नाही. सगळे हसले.

बरेच बारीकसारीक पर्यायही काढून टाकलेत. काही प्रश्नांना 'माहीत नाही' असं तिसरं उत्तर होतं. चाचणीत निम्म्या लोकांनी विचार न करता तेच दाबलं. ते काढायचं काम माझ्याकडे होतं, मी काढलं. आता दोनच उत्तरं, हो किंवा नाही. माणूस कसा लगेच ठाम होतो बघा.

दादाचं काही कळलं तर मी कळवीनच ना. आईला सांगा, जेवण वेळेवर घेतोय.

तुमचा भाऊजी


६ मे

भाऊजी,

तुमचा अर्ज आमच्या खिडकीवर येऊन दहा दिवस झाले आणि रांग अर्धी झाली. शिंपी पहिल्याच खेपेत पार पडले. मला म्हणाले, "हा अर्ज माझ्या बायकोसारखा आहे. एक काम झाल्याशिवाय दुसरं सांगत नाही, आणि एकही विसरू देत नाही." मी खिडकीत बसून अशी फुगले होते की विचारू नका. हे आमच्या भाऊजींनी केलंय, असं दोनतीन जणांना सांगूनही टाकलं.

आता खरी बातमी. खारूला जागा मिळाली! समुद्राचे नकाशे काढायला शिकवणारी ती शाळा, जिचं माहितीपत्रक तिने उशीखाली ठेवलं होतं. तीनशे जणांतून अठरा घेतले, त्यात आपली खारू. पत्र आलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली आणि उठेचना. चार वर्षांत ही पोर माझ्यासमोर एकदाही मोठ्याने हसली नव्हती. परवा हसली.

ती सतरा वर्षांची, म्हणून बाहेरगावी राहून शिकायला पालकत्वाचा दाखला लागतो. तीस जूनच्या आत पोचवायचा. दाखला माझ्याच खिडकीवर मिळतो, तेव्हा चिंता नाही. शनिवारी गर्दी ओसरली की भरून टाकते.

तुमची वहिनी


१२ मे

भाऊजी,

मी पाचव्या पानावर अडकलेय.

पहिली चार पानं भराभर झाली. पाचव्यावर प्रश्न आला, 'वडील हयात आहेत का?' खाली दोन चौकोन. आहेत. नाहीत.

'आहेत' दाबलं तर वडिलांनी स्वतः खिडकीवर येऊन अंगठा उमटवायचा. 'नाहीत' दाबलं तर मृत्यूची तारीख, आणि पत्नी व वडिलांकडचा एक रक्ताचा नातलग अशा दोघांचं प्रतिज्ञापत्र. कोरं सोडून 'पुढे' दाबलं तर लाल अक्षरं येतात, 'कृपया उत्तर द्या.' मी सहा वेळा दाबलं. सहाही वेळा तितक्याच नम्रपणे आली.

कागदाच्या काळात मी अशा बायकांना म्हणायचे, चौकट सोडा, बाजूला लिहा, 'अमुक तारखेपासून बेपत्ता'. साहेब वाचायचे आणि सही करायचे. ह्या अर्जाला बाजूच नाही. आणि काही कोरं सोडू देऊ नका, हे तुम्हाला मीच लिहिलं होतं. माझ्याच हाताने मी माझी वाट बंद केली, दुसऱ्या कुणाला बोल लावू?

माझ्या पुढे रांग होती. "बाई, यंत्र बंद पडलं का?" असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हटलं आणि उठून पाणी प्यायला गेले.

भाऊजी, ते 'माहीत नाही' परत घाला. तुम्हीच काढलंत, तुम्हीच घालू शकता. मला खरोखरच माहीत नाही हो. ह्या प्रश्नाचं माझ्याकडे तेवढं एकच खरं उत्तर आहे.

तुमची वहिनी


२१ मे

वहिनी,

उशिराबद्दल माफ करा. कामाचा फार ताण आहे.

तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नाही. एक उत्तर वाढवायचं म्हणजे त्यापुढची सगळी पानं बदलायची, कायदा विभागाची मान्यता घ्यायची. पुढची आवृत्ती डिसेंबरात निघेल, तेव्हा मी नक्की विषय काढतो.

खारू लहान आहे. एक वर्ष थांबली तर काही बिघडत नाही. शाळा कुठे पळून जात नाही.

पण एक माझं ऐका. काही झालं तरी 'नाहीत' दाबू नका. घाईने काही करू नका. आईला तर ह्यातलं काहीच सांगू नका.

तुमचा भाऊजी


२ जून

भाऊजी,

एक वर्ष थांबली तर काही बिघडत नाही! हे तुम्ही लिहिलंत? ज्या पोरीने तेराव्या वर्षापासून थांबण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, तिला? रोज शाळेतून आली की आधी दारातल्या चपला बघायची. आता आता कुठे ती सवय सुटली. शाळेने कळवलंय, जागा राखून ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तीनशेंतून अठरा.

'नाहीत' दाबू नका म्हणता. मग काय दाबू? तुम्हाला वाटतं मला ते करायची हौस आहे? ह्यांचा सदरा अजून दाराच्या मागे टांगलेला आहे. मी तो दर महिन्याला धुते, वाळवते आणि पुन्हा टांगते. वेडी आहे मी, माहीत आहे मला. पण माझ्या आशेचं ओझं पोरीच्या गळ्यात बांधणार नाही.

सोबत प्रतिज्ञापत्र पाठवतेय. पत्नी म्हणून मी सही केलीय. रक्ताचं नातं म्हणून दोनच माणसं आहेत, आई आणि तुम्ही. आईंना हे करायला लावायचं नाही म्हणून तुमच्याकडे पाठवलंय. तुम्ही सही करा. आईंना कधी कळायची गरज नाही.

एवढंच मागते. चार वर्षांत दुसरं काही मागितलेलं आठवत नाही.

तुमची वहिनी


१० जून

वहिनी,

कागद परत पाठवतोय. मी सही करू शकत नाही.

कारण विचारू नका. तुमच्या पाया पडतो.

भाऊजी


२८ जून

भाऊजी,

दाखला मिळाला. खारू पाच तारखेला जातेय.

तुमचा कोरा कागद आला त्या दिवशी मी काहीबाही पुटपुटत घरी गेले. आई भाजी निवडत होत्या. तो कागद मी पिशवीतून काढला आणि पुन्हा आत ठेवला, असं तीनचारदा झालं असेल. शेवटी त्याच म्हणाल्या, "काय आहे ते दे इकडे."

मी सगळं सांगितलं. पाचवं पान, दोन चौकोन, तीस तारीख. त्यांनी एकच विचारलं, "धाकट्याने का नाही केली?" मी म्हटलं, त्यांचा जीव हळवा आहे, दादा गेला असं लिहायला त्यांचा हात धजला नाही. त्यावर म्हणाल्या, "आणि माझा धजेल?" मग हात पुसले, चष्मा मागितला आणि सही केली. चांगली ठसठशीत. शाळेत शिकल्यासारखी.

तारीख काय घालायची हा प्रश्न राहिला. ती जागासुद्धा कोरी चालत नाही. आई म्हणाल्या, गेला तीच घाल, आपल्यासाठी तेव्हाच गेला. मी खिडकीवर बसून १४ मार्च घातली आणि 'पुढे' दाबलं. सहावं पान उघडलं. त्यावर विचारलं होतं, 'विद्यार्थ्याला पोहता येतं का?'

तेव्हापासून आई बदलल्यात. रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, ती खुर्ची त्यांनी स्वतः आत ओढून आणली. रडत नाहीत. फोन वाजला तरी मान वळवत नाहीत. मी दाराच्या मागचा सदरा काढायला गेले, तर तो त्यांनी आधीच काढून घडी करून ठेवला होता.

तुमच्यावर मी रागावले होते. आता नाही. सख्ख्या भावाला मेला म्हणून लिहून देणं तुमच्या जिवावर आलं, हे मी समजू शकते. उलट वाटलं, निदान एका माणसाने तरी आशा सोडली नाही. माझं ते पत्र फाडून टाका.

तुमची वहिनी


९ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. तुम्ही मला माफ केलंत ते मला सहन होत नाही.

दादा जिवंत आहे.

तो गेल्यानंतर सात महिन्यांनी त्याचा मला फोन आला. दूरच्या एका बंदरात, छापखान्यात काम करतो. एकटाच राहतो म्हणतो. का गेलास, असं मी दर वेळी विचारतो. दर वेळी तो म्हणतो, त्या घरात मला श्वास घेता येत नव्हता, तुला कळणार नाही. कुणाला सांगितलंस तर पुन्हा तुलाही सापडणार नाही, अशी त्याने मला शपथ घातली. मला वाटलं, निदान एक धागा तरी माझ्या हातात राहू दे. वर्षातून दोनदा फोन येतो. तुम्ही दर पत्रात विचारायचात आणि मी दर पत्रात खोटं लिहायचो.

'माहीत नाही' काढताना तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे नव्हता असं नाही. पण मला वाटलं, तुमच्यावर वेळ आलीच तर तुम्ही 'आहेत'च दाबाल. तुम्ही दुसरं काही दाबाल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. सही मी कशी करणार होतो? आणि का करत नाही, ते तरी कसं सांगणार होतो? माझ्या गप्प बसण्याने ती आईला करावी लागली.

आईला सांगा. आजच सांगा. शपथ मोडली तर मोडली.

भाऊजी


१८ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र मी कचेरीत, खिडकीचा पडदा ओढून वाचलं. काय वाटलं ते लिहिण्याची ताकद माझ्यात नाही. तीन वर्षं आणि काही महिने तुम्ही मला रोज थोडं थोडं मारलंत, आणि वर जेवण वेळेवर घेतोय म्हणून कळवत राहिलात. हे माझ्याच्याने कधी विसरलं जाईल असं वाटत नाही. ह्यांच्याबद्दल तर मला विचारूच नका.

खोटी प्रतिज्ञापत्रं देणाऱ्यांचे अर्ज परत करणारी बाई मीच. आता माझं स्वतःचं खोटं निघालं. खरं सांगितलं तर दाखला रद्द आणि खारू परत. परवाच तिचं पत्र आलं, पहिला नकाशा काढलाय, तळ्याचा. मी गप्प बसणार आहे. तुमच्यासारखीच.

पण आईंना मात्र मी त्याच दिवशी सांगितलं. पायाशी बसून म्हटलं, ते आहेत, जिवंत आहेत. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "समजूत काढतेस होय माझी?" मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, अगदी पहिल्या अक्षरापासून. शेवटी म्हणाल्या, "धाकटा पहिल्यापासून मायाळू. मी सही केली हे त्याला कळलं ना, म्हणून मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय त्याने. एवढी वर्षं मला बरं वाटावं म्हणूनच तर लिहितोय." आणि मलाच म्हणाल्या, "तू नको बाई ह्याच्या नादी लागूस. पुन्हा वाट बघत बसशील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. त्या ऐकूनच घेत नाहीत. जेवण निम्म्यावर आलंय.

आता एकच उपाय आहे. ह्यांनी एक फोन करायचा. मला एक शब्द बोलू नका म्हणावं. आईंशी बोला. 'आई, मी आहे' एवढंच. मग पुन्हा कुठेही जाऊ देत.

वहिनी


४ ऑगस्ट

वहिनी,

मी बंदरावर जाऊन आलो. दादाला भेटलो.

छापखान्याच्या मागच्या खोलीत राहतो. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले मोजे. केस पिकलेत. मला बघून घाबरला, मग चहा केला. मी सगळं सांगितलं. खारूची शाळा, पाचवं पान, आईची सही. आईने जेवण कमी केलंय तेही सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत होता.

मग विचारलंन, "म्हणजे सगळं कागदोपत्री झालं?"

मी हो म्हटलं.

"खारूचं काम त्याच्यावर झालं?"

मी हो म्हटलं.

"मग राहू दे तसंच," म्हणाला. "आता मला कुणी शोधणार नाही."

मी त्याच्या हातात माझा फोन दिला. नंबर लावून दिला. त्याने तो टेबलावर पालथा ठेवला. वहिनी, मी त्याच्यावर हात उगारला. तो नुसता डोळे मिटून उभा राहिला, म्हणून माझ्याने मारवलं नाही. निघताना माझ्या पाठीवर थोपटलंन, लहानपणी थोपटायचा तसं. त्याच्या चेहऱ्यावर असा हलकेपणा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. चार दिवसांनी छापखान्यात फोन केला, तर खोली सोडून गेला म्हणाले.

दुसऱ्या टेबलावरच्या आखणीकाराला मी सगळं सांगितलं. तिने कायदा विभागात स्वतः खेटे घालून 'माहीत नाही' मंजूर करून घेतलं. पुढच्या महिन्यात येईल. तुम्हाला त्याचा आता उपयोग नाही, हे कळतं मला.

मी घरी येऊ का? नको म्हणालात तर येणार नाही.

भाऊजी


१५ ऑगस्ट

भाऊजी,

परवा खिडकीवर एक बाई पाचव्या पानावर थांबली. मुलगा शेजारी उभा होता. "पुढे जाईना हो," म्हणाली. मी तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात या, तोवर काही दाबू नका. तिने कारण विचारलं नाही. काही बायकांना ते सांगावं लागत नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी थेट घरी गेले. आई पलंगावर पडून होत्या. मी सारखी फोनकडे बघायचे ना, ते त्यांनी हेरलं होतं. आधीच्या आठवड्यात एकदा फोन वाजला तेव्हा त्या कोपरावर उठून बसल्या होत्या. तोंडाने नाही नाही म्हणायच्या, पण माझं थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं त्यांना. म्हणाल्या, "धाकट्याचं आलंय का काही?"

मी ते उघडून त्यांच्यासमोर बसले. खोली, खाट, स्टोव्ह, सगळं माझ्या हातात होतं. पटवायला तेवढं पुरलं असतं. आणि मग त्यांनी विचारलं असतं, मग फोन का करत नाही?

मी म्हटलं, "आई, तुमचंच बरोबर होतं. भाऊजींनी समजूत काढायला लिहिलं होतं. आता कबूल केलंय त्यांनी."

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं." पांघरूण ओढून घेत म्हणाल्या, "असता तर आला असता गं. तसा नव्हता तो." मग भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडल्या. मी पाठ चोळत राहिले. संध्याकाळी पेज मागितली आणि वाटीभर प्यायल्या.

तेव्हा तुम्ही या. आईंना बघावंसं वाटतंय. पण त्यांनी विचारलं, तर तुम्हाला म्हणावं लागेल की ते सगळं तुम्ही मनाने लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागेल. जमणार असेल तरच या.

वहिनी